तास कुणाचे मोजायचे?

कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी शाळेतल्या लहान मुलांसोबत काही काळ काम करावे, त्यांना शिकवावे आणि शिकवता शिकवता स्वतःही शिकावे, या कल्पनेला कुणी सहसा विरोध करत नाही. वाद सुरू होतो तो पुढच्या प्रश्नापाशी. हे काम नीट झाले की नाही, ते कुणाच्या बाजूने पाहायचे? २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून आपण हे काम विद्यार्थ्याच्या तासांत मोजत आलो आहोत. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचे निवासी शिबिर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या आराखड्यात क्षेत्रकार्याला आणि समुदायातल्या कामाला श्रेयांकही मिळू लागले. हिशेब अधिक पक्का झाला, पण वहीत नाव विद्यार्थ्याचेच राहिले. ज्या मुलासाठी हे सगळे चालले आहे त्याच्या नावाचा रकाना त्या वहीत नाही. तो असला पाहिजे आणि श्रेयांक त्यावरूनच ठरला पाहिजे, हे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे तपासायला आमगाव हे ठिकाण चांगले आहे. गोंदिया जिल्ह्यातला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमेजवळचा हा धानपट्ट्यातला तालुका. हावडा-मुंबई रेल्वेमार्गावरचे स्टेशन, तालुक्याचा बाजार आणि जवळच्या पदमपूरशी नाते सांगितल्या जाणाऱ्या भवभूतीचे नाव मिरवणारे कॉलेज, अशी गावाची ओळख. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाच्या नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात हा सगळा भाग येतो. पुढचा संवाद मांडणीसाठी रचलेला आहे. एक बाजू तालुक्यातल्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेची, दुसरी कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहणाऱ्या प्राध्यापकाची. या दोन्ही खऱ्या व्यक्ती नाहीत. त्यांचे मुद्दे मात्र असे काम जिथे जिथे चालते तिथे तिथे निघणारे आहेत.

शिक्षिका : सर, तुमची मुले शाळेत येतात याबद्दल माझी तक्रार नाही. ती कशी येतात त्याबद्दल बोलू. हिवाळ्यात तुमचे श्रमसंस्कार शिबिर लागते. सकाळी प्रभातफेरी, मग शोषखड्डे, दुपारी बौद्धिक, रात्री पथनाट्य आणि त्यात एक दिवस शाळेसाठी. त्या दिवशी पहिली ते पाचवीची मुले एकाच खोलीत बसवायची, गाणी घ्यायची, खाऊ वाटायचा, फोटो काढायचे. मुले खूश होतात, मी नाही म्हणत नाही. पण चौथीतल्या ज्या पोराला जोडाक्षर वाचता येत नव्हते, त्याला ते दुसऱ्या दिवशीही येत नाही. उलट आठवडाभर तो विचारत राहतो, ताई परत कधी येणार? कायद्याने ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पाच वर्ग आणि आम्ही दोघे. त्यातला एक टपालात, ऑनलाइन माहितीत आणि पोषण आहाराच्या हिशेबात. मला मदत नको असे कसे म्हणू? पण एक दिवसाच्या पाहुण्यांनी मला मदत होत नाही, माझा एक दिवस जातो.

प्राध्यापक : मॅडम, एक दिवसाचे तुमचे म्हणणे मान्य. पण माझ्या विद्यार्थ्यांचाही विचार करा. यातले कितीतरी जण त्यांच्या घरातले कॉलेजला आलेले पहिलेच. वर्गात मागच्या बाकावर बसणारी, तोंड न उघडणारी मुलगी लहान मुलांपुढे उभी राहते तेव्हा तिचा आवाज तिलाच नव्याने ऐकू येतो. हे नुसते माझे मत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सेवेतून शिकण्याच्या ६२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. असे काम केलेल्या विद्यार्थ्यांचा स्वतःकडे आणि शिक्षणाकडे पाहण्याचा दृष्टिकोन, नागरिक म्हणून सहभाग, लोकांत वावरण्याचे कौशल्य, एवढेच काय, परीक्षेतली कामगिरीसुद्धा इतरांपेक्षा सुधारलेली दिसली. हेही तर शिक्षणच आहे. आणि आमच्या मुलांपैकी अनेकांना पुढे डीएड-बीएड करून शिक्षकच व्हायचे आहे.

प्राध्यापकांनी दिलेला पुरावा खरा आहे, तो मी नाकारत नाही. फक्त त्यात मोजले काय गेले, ते पाहायला हवे. त्या आढाव्यात पाहिलेली सुधारणा सेवा देणाऱ्या विद्यार्थ्यांची आहे. या विषयावरचे बरेचसे लेखन असेच आहे. सेवा घेणाऱ्याचे काय झाले हा प्रश्न त्यात कडेला राहतो. तो प्रश्न ज्यांनी थेट विचारला त्यांची उत्तरे सावध करणारी आहेत. अमेरिकेत मोठ्या वयाच्या स्वयंसेवकाची एकेका मुलाशी जोडी लावून देणारी एक जुनी संस्था आहे. तिच्या जोड्यांचा अभ्यास जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. जिथे नाते वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकले तिथे मुलांना सर्वाधिक फायदा झाला. जिथे ते पहिल्या तीन महिन्यांतच तुटले, तिथल्या मुलांचे स्वतःबद्दलचे मत आधीपेक्षा खाली गेले. म्हणजे अर्धवट सोडलेली सेवा निरुपयोगी ठरून थांबत नाही, मुलाचे नुकसानही करू शकते. शिक्षिकाबाईंच्या शाळेतले पोर ‘ताई परत कधी येणार’ असे विचारते तेव्हा त्याकडे भाबडा लळा म्हणून पाहू नये. मूल मोठ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायला शिकत असते. तो विश्वास सात दिवसांच्या शिबिरात उभा करून आठव्या दिवशी टाकून जाण्याचा हक्क कुठल्याही अभ्यासक्रमाला नाही.

प्राध्यापक : पण शिबिराला सरसकट झोडपू नका. शिबिरांनी मुले वाचायला लागतात याचाही पुरावा आहे. ‘प्रथम’ संस्थेने २०१३-१४ मध्ये उत्तर प्रदेशात शाळेच्या वेळेतच शिबिरे घेतली. मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे गटात बसवले. मुले वाचनात आणि गणितात लक्षणीय पुढे गेली. त्याच संस्थेचा मुंबई-बडोद्यातला बालसखीचा प्रयोग तर आणखी जुना. मागे पडलेल्या १५-२० मुलांना वस्तीतल्याच तरुणी रोज दोनेक तास शिकवत. त्या काही डीएड झालेल्या नव्हत्या, शाळा शिकलेल्या साध्या मुली होत्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. मुलांचे गुण वाढले होते आणि सगळ्यात जास्त वाढले ते सगळ्यात मागे असलेल्यांचे. बालसखी जर हे करू शकते, तर बीएच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी का नाही?

शिक्षिका : करू शकते, सर. मीच सांगते, करू शकते. पण तुम्ही जे सांगितले त्यातले अर्धे मोठ्याने वाचले आणि अर्धे हळू. उत्तर प्रदेशातली ती शिबिरे वर्षभरात मिळून पन्नासेक दिवसांची होती आणि त्यांत वाचन-गणित सोडून दुसरे काही नव्हते. शोषखड्डे नव्हते. बालसखी रोज यायची, वर्षभर यायची, तिला आधी प्रशिक्षण होते आणि हातात थोडे मानधनही होते. जौनपूरचे उदाहरण तुम्ही गाळले. तिथे गावातल्या स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग काढले. जी मुले आली ती वाचायला लागली. पण आली किती? गावातली शेकडा आठ. ज्यांना खरी गरज होती त्यातली बहुतेक घरीच राहिली. म्हणून म्हणते, शाळेच्या वेळेत या, माझ्यासमोर या आणि येत राहा.

इथे वाद निम्म्याहून जास्त मिटतो असे मला वाटते, कारण दोघांच्या पुराव्याची दिशा एकच आहे. अप्रशिक्षित पण थोडे शिकवून तयार केलेला तरुण लहान मुलाला वाचायला शिकवू शकतो. त्याला तीन गोष्टी लागतात : काम अरुंद असावे, वेळ शाळेचा असावा आणि माणूस तोच असावा. अरुंद म्हणजे काय, ते एका वजाबाकीत दाखवता येते. ४२ वजा १७ याचे उत्तर तिसरी-चौथीतली पुष्कळ मुले ३५ असे लिहितात. एक दिवसासाठी आलेला दादा त्यावर फुली मारून पुढे जाईल, फार तर बरोबर उत्तर फळ्यावर लिहील. शेजारी मांडी घालून बसलेला दादा विचारेल, ‘कसे केलेस ते सांग.’ मूल सांगते : सातातून दोन गेले, पाच राहिले, चारातून एक गेला, तीन राहिले. मूल निष्काळजी नाही. मोठ्यातून लहान काढायचे हा नियम त्याने स्वतः तयार केला आहे आणि तो इमानाने पाळला आहे. मग दहा-दहा काड्यांच्या चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवायच्या आणि सतरा मागायच्या. सात सुट्या देता येत नाहीत हे त्याच्या हाताला कळते. एक जुडी सोडावी लागते. ती त्याने स्वतः सोडेपर्यंत गप्प बसणे हे त्या दादाचे सगळ्यात कठीण काम. याला वीस मिनिटे लागतात आणि पुढच्या आठवड्यात ६३ वजा २८ देऊन पाहावे लागते, कारण पहिल्या दिवशी समजलेले बरेचदा आठ दिवसांत पुसले जाते. पाच वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेकडे ही वीस मिनिटे प्रत्येक मुलासाठी नसतात. कॉलेजच्या विद्यार्थ्याकडे असतात. त्याची खरी किंमत इथे आहे. आणि त्याचे स्वतःचे शिकणेही इथेच आहे : चूक करणाऱ्याच्या डोक्यात डोकावून पाहणे. कुठल्याही विषयाच्या पदवीधराला ते लागतेच.

तासांचा हिशेबही बसतो. वर्षाच्या १२० तासांपैकी निम्मे जरी शाळेला दिले तरी ६० होतात. कॉलेजच्या वर्षात अध्यापनाचे तीसेक आठवडे धरले तर आठवड्याला दोन तास. पाच-सहा मुलांचा एक गट, ठरलेला वार, ठरलेली वेळ. नवे काही मंजूर करून घ्यायची गरज नाही. २०२० च्या धोरणातच प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली समाजातल्या स्वयंसेवकांनी मुलांना वाचायला शिकवावे असे सुचवले आहे आणि तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे हे २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’चे लक्ष्य आहे. मुलाची पातळी बघायला मोठी परीक्षाही नको. ‘असर’च्या पाहणीत वापरतात तसे अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद आणि गोष्ट असलेले एक पान पुरते, आणि काही मिनिटांत मूल कुठे अडते ते दिसते. त्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले सुमारे २७ टक्केच होती. काम किती उरले आहे, त्याला हा एक आकडा पुरे.

शिक्षिका : मग खरा आक्षेप ऐका. आज तुमची मुले फुकट येतील, उद्या कुणीतरी म्हणेल, शिक्षक कशाला? युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून शाळांतही तरुण आले, बारावी झालेल्याला महिना सहा हजार, पदवीधराला दहा. मुळात मुदत सहा महिन्यांची. मुले त्यांना सर म्हणायला लागली की त्यांची मुदत संपते. रिकाम्या जागांवर असे ठिगळ लावत गेलो तर जागा भरायची घाई कुणाला राहणार? आणि दुसरे, मुलींच्या सुरक्षिततेचे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला त्यानंतर शाळेच्या आवारात येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाबद्दल पालक मला विचारतात. उत्तर मला द्यावे लागते, तुम्हाला नाही.

प्राध्यापक : पहिल्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने सही करायला तयार आहे. विद्यार्थ्याने कधीही पूर्ण वर्ग घ्यायचा नाही, हजेरी घ्यायची नाही, परीक्षा तपासायच्या नाहीत. शिक्षक नसलेल्या वर्गावर त्याला पाठवायचे नाही, तशी मागणी आली तर आम्ही नाही म्हणू. दुसऱ्यावर तर वादच नको. शाळा व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी, ओळखपत्र, दार उघडे असलेली खोली किंवा व्हरांडा, एकट्या मुलासोबत एकांतात कधीही नाही आणि मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत. फोटोशिवाय आमचा अहवाल अपुरा दिसतो म्हणतात. दिसू दे.

ठिगळाची भीती मला रास्त वाटते आणि ती सदिच्छेने दूर होणार नाही. ती दूर होते ती कामाच्या मर्यादेने. विद्यार्थी पाच-सहा मुलांच्या गटापलीकडे गेला की तो स्वस्त शिक्षक झाला, एवढी सीमा लेखी हवी. एका गोष्टीवर मात्र मी शिक्षिकाबाईंच्या पुढे जाऊन बोलेन. पाहुण्यांनी येऊन भले करण्याच्या वृत्तीवर सगळ्यात कठोर टीका विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोत, सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांपुढेच केली. त्यांचे सार असे की, तुम्हाला इथली भाषा येत नाही, इथल्या लोकांना तुमच्या चुका तुम्हाला सांगताही येत नाहीत. पाहायला या, शिकायला या, पण भले करायला येऊ नका. मोठ्या शहरातल्या कॉलेजची बस जेव्हा दुर्गम गावात दोन दिवस उतरते तेव्हा ही टीका तिला तंतोतंत लागू पडते. आमगावच्या कॉलेजला ती तशी लागू पडत नाही. तिथला विद्यार्थी एसटीने, सायकलने, दुचाकीने आजूबाजूच्या गावांतूनच येतो. तो ज्या शाळेत शिकला ती शाळा त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असते. शिक्षिकेने एखाद्या पालकाचे नाव घेतले तर ते घर त्याला माहीत असते. पोर चार दिवस शाळेत का नाही, रोवणीच्या दिवसांत लहान भावंडाला सांभाळायला थांबले आहे की धान कापणीला आईबरोबर गेले आहे, हे त्याला कुणाला विचारावे लागत नाही.

बोलीचा फायदा त्याहून मोठा आहे आणि त्याकडे कुणी पुरेसे पाहत नाही. या पट्ट्यात पहिलीत येणारे मूल घरातून पोवारी बोलत येते, कुठे छत्तीसगढी, कुठे हिंदी, कुठे झाडीबोली. सालेकसा-देवरीच्या बाजूला गोंडीही. पुस्तक मात्र प्रमाण मराठीत. बदलीवर दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या शिक्षकाला ही दरी ओलांडायला वर्ष-दोन वर्षे जातात आणि तोवर ते मूल ‘बोलतच नाही’ म्हणून मागे बसवले जाते. घरी पोवारीच बोलणारी बीएची विद्यार्थिनी त्या मुलाशी पहिल्याच दिवशी बोलू शकते, गोष्ट त्याच्या बोलीत सांगून मग पुस्तकातल्या वाक्यावर आणू शकते. तिच्या स्वतःच्या मनात त्या बोलीबद्दल कॉलेजात आल्यावर जी लाज बसली असेल, तीही या कामात उतरायला लागेल. आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांकडे ही ताकद आहे. पुण्या-मुंबईच्या नामांकित संस्थांना ती पैसे देऊनही मिळणार नाही. म्हणून एक दत्तक गाव निवडून शंभर जणांचे युनिट तिथे नेण्याची पद्धत मला उलटी वाटते. शंभर विद्यार्थी पुष्कळ गावांतून आलेले असतात. त्यांना त्यांच्या त्यांच्या गावच्या शाळेत परत पाठवले तर तेवढ्या शाळांना वर्षभराचे माणूस मिळते.

प्राध्यापक : आणि ज्याला मनापासून हे करायचेच नाही, नुसते क्रेडिट हवे आहे, त्याचे काय?

शिक्षिका : त्याला झाडे लावायला पाठवा, सर्वेक्षणाला पाठवा. माझ्याकडे पाठवू नका. लहान मुलांना कंटाळलेला माणूस लगेच ओळखू येतो.

यावर मला काही जोडायचे नाही. उरतो तो हिशेबाचा प्रश्न, जिथून आपण सुरुवात केली. आज विद्यार्थी तास भरतो, अहवाल लिहितो, कॉलेज गुण देते. त्याऐवजी जुलैत त्या पाच-सहा मुलांची वाचनाची आणि गणिताची पातळी शिक्षिकेसमोर नोंदवावी, मार्चमध्ये तीच मुले पुन्हा पाहावीत आणि विद्यार्थ्याने ठरलेल्या वारी किती वेळा हजेरी लावली ते शिक्षिकेच्या सहीने कळवावे. श्रेयांकाचा मोठा भाग या सहीवर असावा. मुलाची पातळी वाढली नाही म्हणून विद्यार्थ्याला नापास करावे असे मी म्हणत नाही, कारण मूल मागे राहण्याची कारणे त्याच्या हातात नसतात. पण का वाढली नाही हे मुलामुलाचे नाव घेऊन त्याला सांगता आले पाहिजे. ज्याला ते सांगता येते तो शिकला. ज्याला येत नाही त्याने तास भरले.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात आणि कॉलेजात प्रथम वर्षाचे प्रवेश त्यानंतरही बरेच दिवस रेंगाळतात. म्हणून हे काम दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी घ्यावे, म्हणजे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात सुरुवात करता येईल. आमगावच्या आणि आसपासच्या कॉलेजांनी यंदा फक्त एवढे करावे : दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची गाववार यादी काढावी, ती गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत त्या त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पोहोचवावी आणि तिथल्या शिक्षकांना विचारावे की यातले कोण तुम्हाला हवे आहेत आणि कोणत्या मुलांसाठी.